कपाटामागची पूररेषा

पुराच्या जुन्या नकाशात आमची गल्ली कोरडी होती. पूर काही नकाशा वाचून येत नाही. बाहेर पडायची सूचना आणि बोट मात्र नकाशा बघूनच निघायची, त्यामुळं आमच्याकडं सगळ्यांत शेवटी यायची, तोवर पाणी घरात शिरलेलं असायचं. नवी पूररेषा लोकांकडून माहिती घेऊन ठरवणार असं कळलं, तेव्हा गल्लीतल्या भिंतींवरच्या पुराच्या खुणांचे फोटो मोबाईलवर पाठवायचं काम मी अंगावर घेतलं.

पुराच्या गप्पांत कोल्हापुरात कुणी मागं नाही. एकानं 'आमच्यात छातीएवढं' म्हटलं की शेजारी 'आमच्यात गळ्याएवढं' म्हणणारच. पण खूण दाखवा म्हटलं की तोंडं बंद. घरात लग्नाचा मुलगा असला की खुणेवर आधी रंग चढतो. पुराच्या घरात मुलगी कोण देणार? मला राग यायचा आणि त्यांचं पटायचंही.

सगळ्यांत सखल घर माझ्या धाकट्या जावेचं, गल्लीच्या तोंडाशी. तिथली खूण नसेल तर बाकीच्या फोटोंवरून रेषा ओढता येणार नाही, असं पूररेषा आखणाऱ्या मोजणीवाल्यांनी बजावलं होतं. नेमकं तेव्हाच तिच्या मुलाला गडहिंग्लजचं स्थळ आलं. लग्न ठरू दे, मग काय ते फोटो काढा, असं म्हणत तिनं खुणेपुढं कपाट सरकवलं. मी फणकारून घरी आले.

पाहुणे आले त्या दिवशी पोहे द्यायला मी होतेच. खाता खाता मुलीच्या वडलांनी सरळ विचारलं, "पुराचं पाणी येतंय न्हवं हितं?"

दीर छताकडं बघू लागले. मी उगाच सगळ्यांच्या बशांत आणखी पोहे वाढत सुटले. जाऊ उठली.

"येतंय. कुठवर, ते त्या कपाटामागं हाय. आज झाकलं तर उद्या तुमचीच पोरगी पाण्यात अडकंल."

"मग दाखवा की," म्हणत पाहुण्यांनी बशी ठेवली, बाह्या सारल्या आणि नवऱ्या मुलाला हाताशी घेऊन स्वतःच कपाट ओढलं. खूण त्यांच्या खांद्याला लागली.

"आक्का, घ्या फोटो," जाऊ मला म्हणाली. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळं पहिला फोटो हललाच.

लग्न झालं. नव्या नकाशात आमची गल्ली पूररेषेच्या आत आली. तो नकाशा मी येईल त्याला दाखवते, कुणी हसलं तरी. गेल्या पावसाळ्यात सूचना सगळ्यांत आधी आमच्याकडं आली आणि जाऊ नव्या सुनेचा हात धरून रस्त्यानं चालत बाहेर पडली, साडीचा काठसुद्धा न भिजवता.