माधवीताईचा मावळी बोलीचा वर्ग

आमच्या भाजे गावात माधवीताईला मागं सगळे 'बातम्या' म्हणतात, कारण ती टीव्हीवर बातम्या दिल्यासारखं छापील बोलते. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

सातवीत तिला लोणावळ्याच्या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, काल का आली नाहीस, तर ही उभी राहून म्हणाली, "आमी मामाकडं गेलतो." वर्ग हसला. त्या दिवशी ताईनं घरी येऊन दप्तर ठेवलं आणि आईला, म्हणजे मुक्तामावशींना, शुद्ध करायला घेतलं. मावशींच्या तोंडून "न्हाई" निघालं की त्यांनी तीनदा "नाही" म्हणायचं. "कुटं" म्हटलं तर ताईला ऐकूच यायचं नाही. मावशी लेण्यांच्या पायथ्याला कणसं भाजतात. निखारे फुंकता फुंकता "नाही, नाही, नाही" घोकताना मी त्यांना या कानांनी ऐकलंय. ताईचे वडील मारुतीकाका हुशार निघाले. त्यांनी बोलणंच सोडलं. भाकरी हवी असली की एकदा खोकतात, कालवण हवं असलं की दोनदा. दोन्ही खोकले मला हुबेहूब येतात.

पुढं ताई पुण्याला विद्यापीठात गेली. तिथं तिसऱ्या वर्षाची पोरं स्वतःच एखादा विषय आखतात आणि आपल्याच बरोबरीच्या पोरांना शिकवतात, त्याचे गुणही मिळतात. ताईनं कुठला विषय आखावा? 'मावळी बोली : आपला जिवंत वारसा.' हो, त्याच ताईनं. पंधरा जणांनी नावं दिली, सगळी शहरातली. गावी आली की मान कलती करून आम्हाला सांगायची, "ॲक्च्युअली ना, बोली ही आपली आयडेंटिटी असते." यातली "आयडेंटिटी" नाकातून येते आणि त्या वेळी डोळे मिटलेले असतात. हे मी शेजारच्या रेणुकाच्या हळदीला करून दाखवलं तर खुद्द मुक्तामावशी पदर तोंडाला लावून हसल्या.

फक्त एक अडचण होती. विद्यापीठातल्या एक मॅडम एक तास बघायला येणार होत्या आणि त्या तासाला खरी मावळी बोलणारं माणूस पोरांसमोर हवं होतं. मॅडमना पटलं तर वर्ग चालू राहणार, नाही तर तिथंच बंद. ताईनं तर गावभर सांगून ठेवलेलं की आता आपण शिकवतो, आता आपण मॅडम. दूधवाल्या आदिनाथनं "माधवे" म्हणून हाक मारली तर वळूनसुद्धा बघायची नाही. वर्ग बुडाला असता तर गावी आल्यावर याच आदिनाथच्या तोंडासमोरून जायचं होतं.

ताईनं आईलाच बोलायला बसवायचं ठरवलं, आणि रविवारी मॅडम न् पंधरा पोरं अशी सगळी वरात मळवली स्टेशनवरून चालत आली आणि ताईच्या घरच्या ओट्यावर बसली. मावशींनी ठेवणीतलं लुगडं काढलेलं. ताईनं आत नेऊन त्यांना बजावलं, पाहुणे आलेत, घाबरू नकोस, नेहमी बोलतेस तशी बोल. मग बाहेर येऊन विचारलं, कणसं कशी भाजतेस ते सांग.

मावशींनी घसा साफ केला. पाहुण्यांसमोर कसं बोलायचं हे लेकीनंच आठ वर्षं शिकवलेलं.

"नमस्कार. आम्ही प्रथम कणसे निवडतो. त्यानंतर ती निखाऱ्यावर भाजली जातात. येथे पर्यटक मोठ्या संख्येने येतात."

पोरांनी वह्या उघडल्या होत्या, पण एकाही पेनानं कागदाला स्पर्श केला नाही. ताई हसली, म्हणजे तिनं दात दाखवले. म्हणाली, आई, रोजच्यासारखं बोल ना. मावशी म्हणाल्या, रोजच्यासारखेच बोलत आहे. ताईनं आशेनं काकांकडे बघितलं. काका दोनदा खोकले.

मॅडमनी घड्याळ बघितलं. तिथं ताईची कलती मान एकदम सरळ झाली.

"आये, लय झालं आता. चार मान्सांम्होरं माजं नाक कशापायी कापतीस? मी काय सांगितलं व्हतं तुला? बोलायचं नसंल तर ऊठ हितनं."

पंधरा पेनं एकदम धावायला लागली. कोथरूडची प्रतीक्षा हात वर करून म्हणाली, "सॉरी, ते 'कशापायी' परत म्हणशील? जरा सावकाश." मॅडम तर खुर्चीच्या टोकावर आलेल्या. मुक्तामावशी तेवढ्या शांत होत्या. त्यांनी लेकीला हळूच समजावलं, "माधवी, 'इथून' म्हणावे."

वर्ग वाचला. मॅडमनी लगेच मंजुरी दिली, फक्त नियमावर बोट ठेवलं. जी बोलून दाखवणार तिनंच शिकवायचं, असं चालत नाही, आणि इतकी अस्सल बोलणारी दुसरी कुठून आणायची? तेव्हा शिकवायला प्रतीक्षा. गुणही तिलाच. ताईला सत्राच्या शेवटी आभाराचं प्रमाणपत्र.

आता दर बुधवारी ताई फळ्याशेजारच्या खुर्चीवर बसते. पोरं व्हिडिओ टाकतात, माझे सगळे पाठ आहेत. प्रतीक्षा पट्टीनं तिच्याकडे दाखवून गोड आवाजात म्हणते, "आता माधवी आपल्याला रागावून दाखवेल." मग ताई रागावते. मागच्या बुधवारी राग नीट जमला नाही, म्हणून प्रतीक्षानं तिला पुन्हा रागवायला लावलं. दुसऱ्या खेपेचा जास्त अस्सल होता, असं वर्गाचं एकमत पडलं.