आमच्या देवघरातला विलायती घोडा

सयाजी मूळचा सातारकडचा. चिंचवडला ठसे कोरायच्या एका लहान कारखान्यात आम्ही शेजारी बसायचो. बिल्ले, बटणं, डब्यांची झाकणं, असली कामं. पोलादात चित्र उलटं आणि खोल कोरायचं, तेव्हा ते पत्र्यावर सुलट उठतं. हात जरा सरकला की आठवड्याची मेहनत भंगारात.

सयाजीला इंग्रजी नाण्यांचं वेड होतं. किमतीचं नव्हे, कोरणीचं. पुण्याच्या जुन्या बाजारातून तो एकेक शोधून आणायचा. ढाल आणि त्रिशूळ घेऊन बसलेल्या बाईची पेनी, शेपटी उंच केलेल्या पक्ष्याचा फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. जेवणाच्या सुट्टीत घड्याळजीचं भिंग माझ्या डोळ्याला लावायचा.

"पंख बघ, कोंडीराम. नखाएवढ्या जागेत. आणि आपण पावडरीच्या डब्यावर कमळ काढतो, ते कोबीसारखं दिसतं."

"कमळ तू काढलंस."

"म्हणून तर सांगतो."

आण्यांच्या जागी नवे पैसे आले त्या साली चंपाषष्ठीला मी त्याला चऱ्होलीला घरी जेवायला नेलं. भरीत-रोडग्याचं ताट वाढलेलं, आणि हा देवघरासमोर वाकला तो उठेचना.

आमचा खंडोबा म्हणजे चांदीचं एक मोठं नाणं. पुण्याच्या कॅम्पातला साहेब मायदेशी जाताना आज्याला देऊन गेला होता. एका बाजूला घोडेस्वार, हातात तलवार, घोड्याखाली राक्षस. दुसऱ्या बाजूला डोक्यावर पदर घेतलेली बाई. खंडोबा आणि म्हाळसा, असं आजीने ठरवलं आणि टाकाच्या जागी बसवलं. मी त्याच्यासमोर लहानाचा मोठा झालो, पण निरखून कधी बघितलं नव्हतं.

"क्राउन आहे," सयाजी हळूच म्हणाला. "विलायतेतला. ह्याच्यासाठी मी सगळा जुना बाजार पालथा घातलाय. मानेची शीर बघ, राव. पण तोंड गेलंय घोड्याचं. कुणी केलं हे?"

माझी आई गवराबाई रोज सकाळी देव घासायची. चिंच लावून, वर चुलीतली राख. देव लखलखले पाहिजेत, हा तिचा नेम. त्या घासण्यात घोड्याचं तोंड गुळगुळीत झालं होतं. आता आयाळ जायला लागली होती.

सयाजीने तिला समजावून बघितलं. "मावशी, हा खंडोबा न्हाई. ही इंग्लंडची राणी हाय."

"राणी रुपयावर असती. तिला मुकुट असतोय. हिच्या डोक्यावर पदर हाय, दिसत न्हाई व्हय तुला?"

"अन् ह्यो स्वार? अंगावर धड कपडा न्हाई."

"लढाईत गरम होत असंल."

"मणी आणि मल्ल दोन राक्षस होते ना? इथं एकच हाय."

"दुसरा सासूबाईंच्या हातनं झिजला असंल," आई म्हणाली. "त्यांचा हात लई जड होता."

मी हसलो. सयाजी हसला नाही. जेवला, पण भरीत कसं झालंय हे त्याला सांगता आलं नसतं.

मग त्याने बदली देव द्यायचं ठरवलं. काम सुटल्यावर मालकाच्या परवानगीने थांबायचा आणि पोलादात खंडोबा कोरायचा. पहिला ठसा पाणी देताना, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवताना, तडकला. दुसऱ्यात घोड्याचा पुढचा पाय आखूड आला. माझ्या डोळ्याला दिसेना, पण त्याने तो टाकून दिला. तिसरा साधला. तसलं काम आमच्या कारखान्यात मी पुन्हा बघितलं नाही. मागे बसलेली म्हाळसा, तिच्या नथीचा मोती, खंडोबाचा खंडा, खाली दोन्ही राक्षस. आईच्या चांदीच्या मोडक्या तोड्यांच्या पत्र्यावर आम्ही तो उठवला. तोडे तिनेच दिले, खंडोबासाठी म्हणून.

तो टाक तिच्या हातात ठेवून सयाजी म्हणाला, "मावशी, ह्यो खरा खंडोबा. जुना मला द्या. मी फुलासारखा जपीन."

आईने टाक डोळ्यांना लावला. भंडारा वाहिला. जुन्याच्या शेजारी बसवला.

"आन् जुना?"

"त्याला कुठं घालवू? सासूबाईंपासनं घरात हाय. थोरला ह्यो, धाकटा त्यो. तुझा झ्याक हाय रे, पण बोटाला टोचतोय. घासून घासून बसंल नीट."

सयाजीने माझ्याकडे बघितलं. देवघर तिचं होतं. मी पुष्कळ सांगितलं, राख नको, नुसत्या पाण्याने धू. ती म्हणाली, मग तुझी भांडीपण नुसत्या पाण्याने धुते.

शेवटी त्यानेच तोड काढली. रविवारी कारखान्याला सुट्टी, आणि रविवार खंडोबाचा. तो सायकल मारत चऱ्होलीला यायचा आणि आईला म्हणायचा, आज देव मी धुतो. कोमट पाणी, रिठा, जुन्या धोतराचा मऊ तुकडा. भिंग लावून बघायचा, आयाळ किती उरली. गावात बोलवा झाली की सातारचा हा फिटर मोठा भक्त आहे. बायका त्याच्या पाया पडायला लागल्या. तो चिडायचा, त्या अजून पडायच्या.

एका सोमवारी मी पाळी बदलून घरी होतो. आई देव घासायला बसली होती. चिंच नेहमीपेक्षा जास्त, आणि राखेत विटकरीची पूड.

"हे काय गं? आज एवढा जोर?"

"मग काय करू? सयाजी गुणाचा हाय, भक्तीनं करतोय, त्याला टोकवत न्हाई. पर त्याचा हात हलका पडतोय. रविवारचा मळ मला सोमवारी काढाया लागतो."

मी हे सयाजीला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी भिंग लावल्यावर त्याला आपोआप दिसलं.