सोललेला लसूण

"असल्या हाताची चटणी माझी पोरं खायची न्हाईत," बनाबाई आपल्या दारात म्हणत होती. मी शेजारी तांदूळ निवडत होते, कान मात्र तिकडंच.

"मग पळीनं कालवते की," बायडाबाई म्हणाली.

"आधी स्वतःला सोलायचं बंद कर."

ही पंच्याण्णवची गोष्ट. बायडाबाई गल्लीतल्या लोकांना वर्षाची चटणी करून द्यायची. नवरा वारलेला, पोटाला तोच आधार. पण नखांभोवतीची कातडी ती रक्त येईपर्यंत ओढायची. खाज नाही, रोग नाही. मुलगा सयाजी शिरोलीला लोखंड ओतायच्या फौंड्रीत कामाला. शिफ्ट सुटून यायला त्याला उशीर झाला की हिची बोटं कामाला लागायची.

"ओढलं की जरा मोकळं वाटतंय गं," म्हणायची. "मग बघून लाज वाटती. लाज वाटली की पुन्हा तेच."

मी शहाणी. अंगठा चोखणाऱ्या पोराला लावतात तशी तिच्या बोटांना मिरची लावली. तिनं त्याच हातानं डोळे पुसले. दोन दिवस डोळे सुजलेले. मला एका शब्दानं बोलली नाही, बोटं मात्र आणखी सोलली.

मग मी तिला दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण रागावली नाही. म्हणाली, "मावशी, मनातली काळजी बोटांवाटे बाहेर येतेय. कधी होतं ते बघा, आणि तेव्हा हाताला दुसरं काम द्या."

बायडाबाईनं हाताला लसूण दिला. बोटांना धुतलेल्या चिंध्या बांधून सयाजीच्या यायच्या वेळेला दारात सोलत बसायची. चटणीही दारातच कालवायची, लांब दांड्याच्या पळीनं, सगळ्यांसमोर.

"बघून घ्या, मगच न्या."

खोड पुरती गेली नाही. सयाजीच्या लग्नात बोटं परत लाल झाली. तिनं चिंध्या बदलल्या आणि पुन्हा लसूण घेऊन बसली. मला तर वैद्यानं सांगितलेली पायाची कसरत आठवडाभरही जमली नव्हती. तिसऱ्या उन्हाळ्यात बनाबाईनं निमूट तिच्याकडं चटणीच्या मिरच्या पाठवल्या.

दोन हजार सातच्या चैत्रात बायडाबाई झोपेतच गेली. आदल्या दिवशी दुपारी ती बनाबाईची बरणी पोचवायला आली होती. दाराला कुलूप. ती पायरीवर बसली, पदराची गाठ सोडली, लसूण काढला. बनाबाई आली तेव्हा बरणीच्या झाकणावर सोललेल्या पाकळ्यांचा ढीग.

"हे कशाला गं?"

"तुझी वाट बघत हुते की," बायडाबाई म्हणाली, आणि पदरातली टरफलं झटकून घराकडं वळली.