फिलोमेनाचा सल्ला

आमची फिलोमेना तशी मनाची चांगली, पण त्या दिवशी तिच्या जिभेवर कोण येऊन बसलं होतं देव जाणे!

न्यूफाउंडलंडच्या आमच्या खाडीवर खेकड्यांचा कारखाना आहे. तिथे फिलोमेना आणि गर्टी बावीस वर्षं शेजारीशेजारी उभ्या. खेकडे मोडून मोडून दोघींच्या मनगटातली नस दबली. बोटं बधिर, कपबश्या हातातून सुटायच्या. फिलोमेनाचं ऑपरेशन आदल्या हिवाळ्यात झालं, तळव्यावर सरळ चीर देऊन. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. दोन महिने बाईला पावाचं पीठ मळता येईना, पण तिने ते कुणाला कळू दिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात गर्टीची पाळी. तिच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र दोन वाटा सांगितल्या. गर्टी थेट फिलोमेनाच्या स्वयंपाकघरात हजर.

"एक तुझ्यासारखी चीर, नाहीतर मनगटाशी बारीक भोक पाडून दुर्बिणीतून. दुर्बिणीवाली लवकर कामाला लागते म्हणे. नस दुखावायची भीती जरा जास्त, पण वर्षभराने दोन्ही वाटांनी हात सारखाच. तू सांग बाई, काय करू?"

फिलोमेनाच्या पोटात दुखलं. मी दोन महिने कण्हत काढले, आणि ही पंधरा दिवसांत नाचणार?

"भोकातून काय दिसतंय डोंबल! चीरच घे. माझा हात कसा सोन्यासारखा झालाय. तीन आठवड्यांत कामाला लागशील." आणि दुखरा तळवा तिने हळूच मांडीवर घेतला.

गर्टीने ऐकलं. तीनच आठवडे तर लागतात, म्हणून उजव्या हाताची तारीखही मार्चमधली घेतली.

एप्रिलमध्ये होड्या खेकडे घेऊन आल्या. पहिलाच खेकडा मोडताना गर्टीच्या तळव्यात अशी कळ गेली, की ती मटकन खाली बसली. मुकादमाने घरी पाठवलं. हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. तेवढ्यात कामाचे तास भरले नाहीत तर हिवाळ्याचा सरकारी भत्ता बुडालाच, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

चार दिवस फिलोमेना शेजारची रिकामी जागा बघत खेकडे मोडत राहिली. पाचव्या दिवशी मूस हरणाच्या मटणाचा रस्सा घेऊन ती गर्टीच्या दारात उभी राहिली.

"गर्टे, मी खोटं बोलले. माझा हात दोन महिने कामाचा नव्हता. अजून दुखतो. तुझं लवकर बरं होणार म्हणून जळले मी."

"कळ आली तेव्हाच कळलं मला. गेल्या हंगामात तू सारखी डाव्या हातावर भार घ्यायचीस. मला वाटायचं, ही आळशी झाली."

"मग चार शिव्या दे की गं!"

"देईन, सवडीने देईन. हात काय, होईल बरा. पण बावीस वर्षांत तुला विचारल्याशिवाय मी काही केलं नाही फिलो. आता करीन."

फिलोमेनाला वाटलं, त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

"डावा हात राहिलाय," गर्टी म्हणाली. "ऑक्टोबरात करायचाय. चिरायचा की दुर्बिणीने, ते मी आणि डॉक्टरीणबाई बघू. तू गाडी चालवायचीस. हॉस्पिटलला तीन तास जायला, तीन तास यायला, आणि तोंड बंद!"

फिलोमेनाने मान हलवली. गर्टीने रश्श्याचं भांडं ठेवून घेतलं, पण आत ये काही म्हणाली नाही.