लटकलेल्या भुताचे पाय

कप्पीत दोर अडकला तेव्हा मी जमिनीपासून दोन पुरुष उंच होते. कमरेचा चामड्याचा पट्टा सरकून बरगड्यांखाली आला होता. श्वास अर्धाच आत जात होता. समोर पाच गावांची माणसं बसली होती आणि त्यांच्यासाठी मी भूत होते. पडद्यामागे दोर ओढणारे तिघे एकमेकांना सांगत होते, "निघून नाई राह्यला बापा, निघून नाई राह्यला." पूर्वेकडची कनात फिकट व्हायला लागली होती. नाटक रातभर चाललं होतं, आता शेवटचा प्रवेश उरला होता. उजाडलं की काजळ फासलेला दोर काळ्या पडद्यावरही दिसणार होता. दोर दिसला की पाच गावं हसणार.

हे आठवलं ते टीव्हीवरच्या नव्या मालिकेमुळे. हल्ली मी भद्रावतीला मुलाकडे असते. महिनाभर जाहिरात चालली होती, मेलेली सून परत येते म्हणून. मालिका सुरू व्हायची त्या दिवशी माझ्या सुनेनं स्वयंपाक लवकर उरकला. नात माझ्या मांडीला टेकून बसली. मीही चष्मा पुसून बसले, कारण भुताचं काम कोण कसं करतं ते मला बघायचं होतं.

भूत आलं. बंद खोलीत त्याचे केस उडत होते. सासूचं तोंड तीनदा दाखवलं, दर वेळी धाडकन आवाज. मग ते भूत हवेत वर गेलं आणि पाय जमिनीवर असावेत तसे सपाट ठेवून बोलत राहिलं.

"हिचे पाय पाह्य जरा," मी नातीला म्हटलं. "लटकलेल्या माणसाचे पाय असे नाई राह्यत. अंगठे खाली जातात."

"आजी, ती लटकली नाहीये. ते कॉम्प्युटरवर करतात."

"मंग भेव बी कॉम्प्युटरलेच वाटू दे."

सून हसली. मी उठून भाजी निवडायला बसले. महिनाभर वाट पाहायला लावून असलं भूत दाखवलं, याचा मला राग आला होता.

आमचं गाव कुरखेड्याकडे. धान कापून झालं की आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात. तेव्हा बायकांची कामं करायला बाहेरून नटी आणायचे. गावातली सून स्टेजवर चढत नसे. त्या वर्षी नटी आलीच नाही. दुपारची एसटी आली, संध्याकाळची आली, ती नाही. नाटकाची मंडळी डोक्याला हात लावून आमच्या घरापुढच्या छपरीत बसली. महिनाभर तालीम त्याच छपरीत झाली होती आणि चहा मी केला होता. मी चौथी शिकलेली, पण चहा गाळता गाळता भुताचं सगळं भाषण मला पाठ झालं होतं. मी ते उभ्यानं म्हणून दाखवलं. नवऱ्यानं सासूकडे पाहिलं. सासू बोलली.

"जा. पण लोकं हासले तं माह्या उंबरठ्यावर पाय ठेवजो नोको."

ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. आणि त्या रात्री ती बहिणींना घेऊन पहिल्याच रांगेत बसली होती.

तर मी वर लटकलेली. नाटकाच्या पुस्तकात असं होतं की नायक तलवार उगारतो आणि भूत वर उडून नाहीसं होतं. नायक म्हणजे गावचा सुतार. त्यानं तलवार उगारली. मी तिथंच. त्यानं पुन्हा उगारली. पेटीवाल्यानं तोच सूर तिसऱ्यांदा वाजवला. मागच्या बाजूला कोणीतरी खोकलं. हसण्याच्या आधी माणसं तशी खोकतात.

मला खाली उतरायचं होतं, बाकी काही नाही. मी होता तेवढा श्वास घेतला आणि भुताच्याच आवाजात म्हटलं, "तलवारीनं मी जात नाही. जिवंत माणसानं मला खांद्यावर घेतलं तरच मी सुटते. आहे का तुझ्यात हिंमत? शिडी आण."

सुतार माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याला कळलं. त्यानं शिडी आणली. तो एकेक पायरी चढत होता आणि मांडवात कोणी हूं की चूं करत नव्हतं. वर आल्यावर तो माझ्या कानात म्हणाला, "वहिनी, तलवार पत्र्याची हाय, दोर नाई कापत."

"पट्ट्याचं बक्कल खोल, येड्या."

"एका हातानं शिडी धरून हावो मी."

"मंग दुसऱ्या हातानं खोल."

त्यानं एका हातानं बक्कल सोडलं. मी त्याच्या खांद्यावर पडले. तो मला घेऊन उतरला. पेटीवाल्याला अक्कल होती, त्यानं त्याच वेळी भैरवी धरली. खाली आले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. माझ्या मागे रिकामा दोर सगळ्यांना दिसत होता, पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या.

सासू उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "बरं केलंस. चाल, पावण्यांचा चहा राह्यला."

त्या हंगामात आणखी तीन गावांनी आम्हाला बोलावलं आणि सगळ्यांनी शिडीचा सीन मागितला. कप्पी नवी आणली होती, दोर कधीच अडकला नाही, तरी मी दर वेळी शिडीवरूनच उतरले. पुढं नऊ हंगाम मी भूत केलं. आमच्या गावानं पुन्हा बाहेरून नटी आणली नाही.

मालिका अजून चालू आहे. सून बघते. नात मधेच येऊन विचारते, "आजी, आज पाय बरोबर आहेत का?" मी जाऊन बघते. नसतात.

दोर ओढणारे तिघे आता नाहीत. सुतार गेला, पेटीवाला गेला, सासू तर केव्हाच गेली. दोराला लटकले होते ती मी, आणि मी आहे.