दाजींचा एक तास

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही वस्तू दुरुस्त केलेली नाही, तरीही अख्ख्या गारखेड्यात त्यांच्या तोडीचा दुरुस्तीतज्ज्ञ नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना रस दुरुस्तीत नाही, दोष शोधण्यात. "दुरुस्ती काय, कुनीबी करतंय पाव्हणं. दोष घावला पायजे," असं ते मला ऐकवतात. उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. कालव्याला गळती लागली की एकेक दार बंद करत पाणी कुठं मुरतंय ते पाहायचं, ही तिथली शिस्त त्यांनी घरात आणली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वाट पाहायची. मोरीतला नळ गळायला लागला, तेव्हा तो दिवसा जास्त गळतो की रात्री, याच्या अभ्यासात तीन आठवडे गेले. वरण बेचव झालं की ते ताईला सांगणार, "उद्या फकस्त हिंग बदल. मिठाला हात लावू नको." एकदा ताईने वैतागून दोन्ही बदललं. वरण झकास झालं, आणि हा माणूस ताटावर रुसून बसला, कारण गुण हिंगाचा की मिठाचा हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नव्हतं.

त्यांचा संगणक भाची इंजिनिअरिंगला गेली तेव्हाचा. ती पुण्यात नोकरीला लागून जमाना झाला, मूळचा पांढरा डबा पिवळा पडला, आणि त्यावर दाजी आत्मचरित्र लिहायला बसले. एका बोटाने. अडचण अशी की वीस मिनिटं झाली की संगणक आपोआप बंद. लिहिलेलं मध्येच सेव्ह करावं तर दाजींना ते पटत नाही, "अर्धं वाक्य कुनी जपून ठिवतं का?" त्यामुळे 'माझा जन्म गंगापूर तालुक्यातील' इथवर यायचं आणि पडदा काळा. गेल्या दिवाळीपासून दाजी जन्माला येतायत. एकदा मी म्हणालो, संगणक सारखा बंद पडतो. तर म्हणाले, "पडत नाय, होतो. पडनारा परत उठत नसतो. ह्यो उठतोय. ह्याला सोताची काळजी हाय."

"ह्याला हाय, तुमाला नाय!" ताई स्वयंपाकघरातून कडाडली. तिचं बरोबर होतं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, आणि दोन महिन्यांपासून दाजी दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबत. छातीवर हात. विचारलं तर म्हणत, भिंतीची चीर बघतोय. दवाखान्याचं नाव काढलं की माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर देत. शेवटी ताईने मला साक्षीला बसवलं आणि दाजींकडून शब्द घेतला. संगणक सलग एक तास चालला की त्याच दिवशी, ओळखीच्या डॉक्टरांकडे. ते रविवारीही बसतात.

तेव्हापासून तो डबा चालावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. पण दाजींची शिस्त आड आली. एका रविवारी एकच गोष्ट. पहिल्या रविवारी भिंतीतला पॉइंट बदलला. दुसऱ्या रविवारी वायर. तिसऱ्या रविवारी रॅमची पट्टी काढून खोडरबराने पुसली. चौथ्या रविवारी पॉवर सप्लाय कुणाचा तरी उसना आणून लावला. "तवर मानूस ऱ्हातंय का?" ताई म्हणाली आणि रडली. पाचव्या रविवारी डब्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला, तर गडी चक्क चाळीस मिनिटं चालला. म्हणजे दोष गरमीचा. आत प्रोसेसरवरची, त्याची गरमी बाहेर काढणारी पेस्ट डबीतल्या चुन्यासारखी वाळून खडखडीत झाली होती. सहाव्या रविवारी मी नवी ट्यूब आणली, धूळ झटकली, आणि दाजींच्या देखरेखीखाली हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका ठेवला.

त्या रविवारी संगणक बावन्न मिनिटं चालून बंद झाला. पुढच्या रविवारी चोपन्न. दाजींनी मान हलवली, "अजून काय तरी हाय आत." मी मनातून त्या पेस्टवाल्याला शिव्या घातल्या.

त्यापुढच्या रविवारी ताईने इस्त्रीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला होता. पन्नास मिनिटं झाली. दाजी काही लिहीत नव्हते, नुसते घड्याळाकडे बघत होते. माझ्या हातून एक स्क्रू खाली घरंगळला म्हणून मी टेबलाखाली वाकलो. तिथे जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड होता, आणि दाजींच्या उजव्या पायाचा अंगठा हळूच त्याचं बटण चाचपत होता.

वडीलधाऱ्यांच्या पायाला पाय लावायचा नसतो, म्हणून मी तो अंगठा हाताने धरला.

"आता मधीच पाया काय पडतोस?" ताईने विचारलं.

तेवढ्यात दाजींचा हात माझ्या डोक्यावर आला, आशीर्वाद द्यावा तसा, आणि तिथेच राहिला. ताईला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते म्हणाले, "लई भ्या वाटतंय रं."

इतक्या वर्षांत त्यांनी मला 'पाव्हणं'शिवाय हाक मारली नव्हती. अंगठा थंडगार होता. या माणसाचा मला किती लळा आहे, हे मला तिथे, टेबलाखाली ओणवं असताना कळलं आणि डोळे भरून आले. मी हात सोडला नाही. वरती संगणकाचा पंखा घुमत राहिला.

तास भरला तेव्हा ताईने शर्ट पुढे केला. दाजींनी तो निमूट अंगात घातला, पण बटणं काही लागेनात. मग ती ताईने लावली.