पळसापर्यंतचं पाणी

आमच्या तलावावर तो नेहमी उन्हाळ्यातच येतो, पाणी अगदी तळाला गेलं की. मोजणीवाला आहे. देवळात जावं तशा चपला पाळीच्या बांधाखाली काढून ठेवतो आणि आपण तोंड उघडायच्या आधीच म्हणतो, "बराबर हाय जी."

तलावाला लागून प्लॉट पडायला लागले तेव्हा आमची मच्छीमार सोसायटी कोर्टात गेली. निकाल आमच्या बाजूने लागला. भरल्या तलावाची हद्द आधी कायम करा, तिच्या आत मुरूम पडता कामा नये, असं कोर्टाने सांगितलं.

आठवड्यातच तो हसत हजर झाला. "काका, कोर्टानं तुमचा तलाव वाचवला. आता पाणी कुठवर येते तेवढं दाखवा."

भेगाळलेल्या मातीतून मी त्याला पार पळसाच्या झाडापर्यंत नेलं. "पाऊस लागला का मासे इथवर चढतात. इथंच जाळं लावतो आमी."

"बराबर हाय जी." त्याने पंचनाम्यात लिहिलं. शिसपेन्सिलीने.

"पेन्सिलनं काहून लिहून राहिले, भाऊ?"

"खाडाखोड दिसत नाही ना, काका. हापिसात पक्कं करतो."

मग घरी येऊन मठ्ठा प्यायला, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. इतका गोड माणूस, की संशय घ्यायची आपल्यालाच लाज वाटावी.

उठताना त्याने पंचनाम्याचा तोच कागद पुढे केला. "इथं सही करा, काका."

मी पेन्सिलीसाठी हात पुढे केला. त्याने ती कानामागे खोचली आणि खिशातून मला पेन काढून दिला.